नव्या संगणकात जुनी खातेवही

डॉसवरचा हिशेबाचा प्रोग्राम विंडोज ११ वर थेट चालत नाही. म्हणून बुटीबोरीच्या दुकानदाराने जुनी उधारी सोडायची काय? मुळीच नाही. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एकाच गाळ्यात पार्टिशन घालून थाटलेले दुसरे दुकान. ओरॅकलचा व्हर्च्युअलबॉक्स विनामूल्य मिळतो. त्याचा एक्स्टेन्शन पॅक मात्र धंद्यासाठी मोफत नाही. प्रथम संगणकाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करावे. आत विंडोज एक्सपी घालावे. त्याचा परवाना आपलाच हवा. ५१२ एमबी रॅम त्याला पुरते. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती २०१४ सालीच थांबली, तेव्हा आतल्या मशीनला इंटरनेट जोडू नये. मशीन बंद करून तिच्या फायलींची नक्कल वेगळ्या डिस्कवर ठेवावी. संगणक बिघडला तरी खाते शाबूत राहील.