अन्न जवळचे, खर्च बेताचा : कुंभकोणमच्या स्वयंपाकघरातून एक अभ्यास

अभ्यासवर्गात आहाराचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले असे की, आपल्या भूमीत आणि चालू ऋतूत पिकलेले अन्न खावे. दुसरे जरा दबक्या आवाजात येते : पटते, पण परवडत नाही. हे दुसरे वाक्य बोलणारा साधक आळशी नसतो. घरात चार-पाच माणसे, पगार एक, मुलांचे शिक्षण चालू, आणि दुकानात 'सेंद्रिय' अशी चिठ्ठी लावलेल्या तांदळाचा भाव वाचून त्याने पिशवी हळूच परत ठेवलेली असते. त्याला नुसते तत्त्व पुन्हा ऐकवून उपयोग नाही. म्हणून या पाठात आपण तत्त्वाबरोबर हिशेबही मांडू.

त्यासाठी एक गाव निवडू : तमिळनाडूतील कुंभकोणम. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमधले हे देवळांचे गाव. मराठी माणसाला ते परके नाही. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले, तेव्हापासून १८५५ पर्यंत या प्रदेशात भोसल्यांचे राज्य होते. जवळच्या मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी घालून दिलेल्या भजनपद्धतीत तमिळ, तेलुगू, संस्कृत पदांबरोबर मराठी अभंग गायले जातात. गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर आहे, तिथे मोठी गोशाळाही आहे. या भागात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरे आहेत. महाराष्ट्रातून गेलेल्या स्वयंपाकघराने दुसऱ्या मातीशी कसे जुळवून घेतले, हे पाहायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

आमसूल संपले तेव्हा

तंजावरच्या राजवाड्यातली एक कथा सर्वत्र सांगितली जाते. शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीला लागणारे आमसूल कोकणातून यायचे. एकदा ते वेळेवर आले नाही. पाहुणे म्हणून संभाजीराजे यायचे होते. तेव्हा कोणीतरी सुचवले, इथे चिंच भरपूर आहे, तीच घाला. त्या आमटीला पाहुण्याच्या नावावरून 'सांबार' म्हणू लागले. या कथेला समकालीन कागदाचा आधार नाही, ती लोककथा म्हणूनच ऐकावी. पण ती टिकून राहिली, कारण तिच्यातला प्रसंग प्रत्येक स्थलांतरित घराने अनुभवलेला असतो. सवयीचा जिन्नस दूर राहतो, दारातला जिन्नस हाताशी असतो, आणि त्या दिवशी निर्णय घ्यावा लागतो.

आमटी करणे सोडले नाही, फक्त आंबटपणा कुठून घ्यायचा ते बदलले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्थानिक अन्न म्हणजे सगळा स्वयंपाक नव्याने शिकायचा, ही भीती त्यामुळे कमी व्हावी. (चिंच तरी मूळची इथली का, असा प्रश्न वर्गात कोणी विचारेलच. मिरची तर अमेरिकेतून आली. आपण वनस्पतीच्या उगमाचा शोध घेत नाही आहोत; आज ती कोणाच्या शेतात पिकते, एवढेच विचारतो आहोत.)

तांदूळ : सर्वांत मोठी रक्कम

कुंभकोणमच्या भोवती भाताशिवाय दुसरे काही फारसे दिसत नाही. मेट्टूर धरणात पाणी पुरेसे असेल तर १२ जूनला ते सोडतात आणि कुरुवै हंगाम सुरू होतो. पुढे सांबा आणि ताळडी हे लांब मुदतीचे हंगाम, त्यांची कापणी पोंगलच्या सुमारास, म्हणजे आपल्या संक्रांतीला सुरू होते.

स्थानिक तांदूळ म्हटले की आज डोळ्यांसमोर पारंपरिक वाण येतात. किच्चिली सांबा हा रोजच्या भाताला चांगला, तूयमल्ली पांढरा आणि नाजूक, तर माप्पिळ्ळै सांबा लाल, जाड, पेजेला उत्तम. 'माप्पिळ्ळै' म्हणजे जावई. जावईबापूंच्या अंगात बळ यावे म्हणून हा तांदूळ, असे तिथे सांगतात. हे वाण साध्या तांदळापेक्षा बरेच महाग असतात, आणि त्यात सगळी व्यापाऱ्याचीच लबाडी असते असे नाही. त्यांचे एकरी उत्पन्न कमी येते, पीक शेतात जास्त दिवस उभे राहते.

आता हिशेब करू. घराला महिन्याला २५ किलो तांदूळ लागतो आणि पारंपरिक वाणाचा भाव साध्याच्या दुप्पट आहे असे धरा. सगळाच बदलला तर तांदळाचा खर्च दुप्पट होईल आणि दुसऱ्या महिन्यात संकल्प मोडेल. पण त्यातले ५ किलोच बदलले, आठवड्यातून दोन-तीन वेळची पेज आणि इडली यांच्यापुरते, तर तांदळाचा खर्च एक पंचमांशाने वाढतो. ही वाढ दुसरीकडे भरून काढता येते. कशी, ते पुढे येईल.

उरलेल्या २० किलोंचे काय? इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. तमिळनाडूत जून २०११ पासून तांदळाच्या शिधापत्रिकेवर तांदूळ मोफत मिळतो. राज्य नागरी पुरवठा महामंडळाची थेट खरेदी केंद्रे याच डेल्टातल्या शेतकऱ्यांकडून भात घेतात, आणि शिधावाटपाच्या तांदळात या खरेदीचाही वाटा असतो. म्हणजे ज्या तांदळाकडे 'रेशनचा' म्हणून नाक मुरडले जाते, तो कित्येकदा चकचकीत पाकिटातल्या दूरच्या बासमतीपेक्षा अधिक जवळचा असतो. तो नीट निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, इडली-डोशाला वापरणारी असंख्य घरे आहेत. जवळचे अन्न महागच असते, हा समज इथेच ढिला पडतो.

दोन किलोंचे चार किलो

पारंपरिक वाण आज बाजारात दिसतात, त्यामागे तिरुवारूर जिल्ह्यातील तिरुत्तुरैप्पूंडीजवळ काम केलेल्या जयरामन यांचे मोठे श्रम आहेत. तंजावर जिल्ह्यातच जन्मलेले नम्माळ्वार (१९३८-२०१३) हे नैसर्गिक शेतीचे प्रचारक त्यांचे प्रेरणास्थान. जयरामन यांनी दीडशेहून अधिक जुने वाण शोधून जपले. लोक त्यांना 'नेल' म्हणजे भात जयरामन म्हणू लागले. डिसेंबर २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या बीजोत्सवाची रीत अगदी साधी होती. शेतकऱ्याने दोन किलो बियाणे न्यावे आणि पुढच्या वर्षी चार किलो परत आणून द्यावे.

तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्लीत अन्नाविषयी जी व्रते सांगितली आहेत, त्यांत अन्न वाढवण्याचे एक व्रत आहे. आपण ते अभ्यासात वाचतो आणि अर्थ लावताना फार उंच जातो. दोन किलो नेऊन चार किलो परत करणारा शेतकरी ते व्रत वजनकाट्यावर पाळत असतो. शहरातल्या गृहिणीकडे शेत नाही, पण तिने घेतलेले महिन्याचे पाच किलो नसतील, तर त्या शेतकऱ्याला तिसऱ्या वर्षी तो वाण लावणे परवडणार नाही. राज्याने २०२० मध्ये कायदा करून कावेरी डेल्टाला संरक्षित कृषी क्षेत्राचा दर्जा दिला. कायद्याने तिथे नवे तेल-वायू प्रकल्प थांबवता येतील. शेती सोडून शहरात निघालेल्या मुलाला मात्र त्याने थांबवता येणार नाही.

उडदाचे डांगर

मराठी घराचे वरण तुरीचे. डेल्टात मात्र तूर मुख्यतः बाहेरून येते. इथली कडधान्ये उडीद आणि मूग. भात कापण्याच्या आठवडा-दहा दिवस आधी उभ्या पिकातच ओल्या चिखलावर त्यांचे बी फेकतात. मागे राहिलेल्या ओलीवर आणि दवावर ते पीक येते. वेगळे पाणी लागत नाही, आणि जमिनीला नत्र मिळते.

तंजावरकडच्या मराठी घरांनी हे केव्हाच ओळखले होते. उडदाच्या भाजलेल्या पिठाचे डांगर, ताक किंवा दही घालून, जिरे-हिंगाची फोडणी देऊन, तिथे आजही करतात. तमिळ शेजाऱ्यांनीही ते 'डांगर पच्चडी' म्हणून उचलले आहे. आपल्या देशावरच्या आजीने केलेले डांगर आठवून पाहा, फार फरक दिसणार नाही. कुंभकोणमची 'कडप्पा' ही मुगाची पातळ भाजीही अशीच, इडलीबरोबर खायची.

खर्चाच्या दृष्टीने खरी बचत इथे आहे. उडीद-मूग मार्च-एप्रिलमध्ये निघतात. तेव्हा भाव उतरलेले असतात आणि ऊनही कडक असते. सहा महिन्यांचे धान्य तेव्हाच घ्यावे, दोन दिवस उन्हात टाकावे, डाळीला एरंडेलाचा हात लावून डब्यात कडुनिंबाच्या पाल्यासह भरावे. आपल्याकडे बेगमी म्हणतात ती हीच. एकदम पैसे काढणे जड जाते, म्हणून दोन-तीन शेजारणींनी मिळून एक पोते घ्यावे.

मग तूर वर्ज्य करायची का? मुळीच नाही. शिधापत्रिकेवर एक किलो तूरडाळ ३० रुपयांना मिळते. गरीब घरातल्या मुलांच्या ताटातून ती काढून घेणे हा धर्म नव्हे. वरण चार दिवस तुरीचे, तीन दिवस मुगाचे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. आणि लातूर-अकोल्याच्या साधकाने हे वाचून तूर सोडू नये. त्याच्या दारात तीच पिकते.

नाट्टु भाजी

तमिळ मंडईत भाज्यांचे दोन वर्ग सर्रास मानतात. कोबी, गाजर, फरसबी, बीट या 'इंग्लिश' भाज्या, निलगिरी आणि कोडैकानलच्या डोंगरांतून येणाऱ्या. भेंडी, वांगी, पडवळ, दोडका, भोपळा, कोहळा, शेवगा या 'नाट्टु', आपल्या भाषेत गावठी. हंगामात नाट्टु भाजी सहसा स्वस्त पडते.

ती घ्यायची तर उळवर संदैमध्ये. शेतकऱ्याने मध्यस्थाशिवाय विकावे म्हणून १९९९ मध्ये मदुरैत पहिला असा बाजार सुरू झाला आणि मग राज्यभर पसरला. विक्रेत्याकडे शेतकरी असल्याचे ओळखपत्र असते. रोजचा भाव घाऊक दराच्या थोडा वर आणि किरकोळ दराच्या खाली ठरवून फळ्यावर लिहितात. त्यामुळे घासाघीस करायला जागा उरत नाही, आणि ते बरेच आहे. पहाटे जावे लागते. उशिरा उठणाऱ्याला निवडक माल मिळत नाही. ब्राह्ममुहूर्ताचा हा एक लाभ आपल्या पुस्तकांत लिहिलेला नसतो.

केळीचे उदाहरण मला फार आवडते. पानावर जेवायचे, केळफुलाची आणि गाभ्याची भाजी करायची, कच्च्या केळ्याचे काप, पिकलेले नैवेद्याला. तिरुवैयारूच्या बाजूने केळी भरपूर येतात आणि गाभा तर अगदी थोडक्या पैशांत मिळतो. तो चिरताना बोटावर धागे गुंडाळत काढावे लागतात आणि चिरलेला लगेच ताकात टाकावा लागतो, नाही तर काळा पडतो. पैसे वाचतात ते या अर्ध्या तासाच्या मोबदल्यात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो अर्धा तास घरातल्या एकाच बाईच्या माथी पडणार असेल, तर कुटुंबाने स्थानिक अन्नाचा संकल्प केला असे म्हणता येणार नाही. पालेभाजी निवडायला पुरुषांनी आणि मुलांनी बसावे.

पालेभाज्यांत अगत्तीचे नाव घ्यायलाच हवे. अगत्ती म्हणजे आपला हादगा. आपण त्याच्या फुलांची भाजी करतो, तिथे पाल्याची करतात, आणि एकादशीनंतर द्वादशीच्या पारण्याला अगत्तीचा पाला व आवळा अनेक घरांत असतोच. परसात एक झाड असले की वर्षभर पाला फुकट.

जिथे जमत नाही

तेलाचा प्रश्न कठीण आहे. शिधावाटपाचे पामतेल २५ रुपये लिटर; ते मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून येते. डेल्टातल्या तिळाचे किंवा शेंगदाण्याचे घाण्याचे तेल त्याच्या कितीतरी पट महाग. इथे युक्ती चालत नाही, तळण कमी करावे लागते. फोडणीपुरते घाण्याचे तेल आणि तळण सणापुरते, असे केले तर घाण्याच्या तेलाची बाटली अधिक दिवस पुरते. पोळीचेही तसेच. तमिळनाडूत गहू जवळजवळ पिकत नाही. नाचणी धर्मपुरी-कृष्णगिरीकडून येते, ती निदान राज्यातली. आणि कुंभकोणमची सुप्रसिद्ध 'डिग्री कॉफी'? दूध तिथले, कॉफीचे बी मात्र डोंगरातले. गावाच्या नावाने ओळखला जाणारा पदार्थही पूर्ण गावचा नसतो.

रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी ताक घालून खाण्याची तिथली रीत काटकसरीची आहे. शिळे अन्न गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस म्हटले आहे, म्हणून काही साधक ती टाळतात. माझ्या मते नासलेले अन्न आणि मुद्दाम आंबवलेले अन्न यांत भेद केला पाहिजे. इडलीचे पीठही रात्रभर आंबतेच. पण ज्यांना पटत नाही त्यांनी भात मोजून शिजवावा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

एक सावधगिरी. भृगुवल्लीतले पहिले व्रत अन्नाची निंदा न करण्याचे आहे. गावठी तांदूळ घरात आला की शेजाऱ्याच्या ताटातली पोळी, पाहुण्याने आणलेली पाकिटातली बिस्किटे यांवर शेरे सुरू होतात. जवळचे म्हणजे विषमुक्तच, असाही गैरसमज होतो. डेल्टातही रासायनिक खते आणि औषधे वापरतात. दूरच्या गावाहून भाऊ आला आणि त्याला पोळी लागते, तर पोळी करावी. अतिथीला विन्मुख न पाठवण्याचे व्रतही त्याच वल्लीत आहे.

पुढील वर्गासाठी

एक महिना वही ठेवावी. घरात आलेल्या प्रत्येक जिनसापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : किंमत, तो कुठे पिकला, आणि तो याच महिन्यात पिकतो का. दुकानदाराला माहीत नसेल तर जागा कोरी सोडावी. महिन्याअखेर सर्वांत जास्त रक्कम कोणत्या तीन जिनसांवर गेली ते पाहावे आणि त्यातला एकच बदलायला घ्यावा, तोही पाचव्या हिश्श्याने. कोकणातल्या घरी तो उकडा तांदूळ असेल, सोलापूरला ज्वारी, बंगळुरूला नाचणी. वर्गात येताना वही आणावी. सुरुवात कोऱ्या राहिलेल्या जागांपासून करू.