झडपेची दोरी कोणी बांधली?



वाफेच्या यंत्राचा पाठ घेताना आपण पुष्कळदा एक गोष्ट सांगतो. यंत्राच्या झडपा उघडण्या-मिटण्याच्या कामावर हंफ्री पॉटर नावाचा एक मुलगा होता. सवंगडी खेळत आणि याला मात्र जागा सोडता येत नसे. अखेर त्याने झडपेची मूठ व यंत्राची वरखाली होणारी तुळई यांना दोरी बांधली. यंत्र आपले आपण चालू लागले व मुलगा खेळावयास मोकळा झाला. गोष्ट गोड आहे. परंतु ती इतिहास म्हणून सांगण्यापूर्वी तिचा पुरावा तपासणे हे आपले कर्तव्य आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहू. इंग्लंडमधील डार्टमथ गावचा लोखंडी सामानाचा व्यापारी टॉमस न्यूकोमेन याने १७१२ साली डड्लीच्या किल्ल्यानजीक कोळशाच्या खाणीतील पाणी उपसण्यासाठी यंत्र उभारले. उभ्या नळकांड्यात वाफ भरावयाची, मग आत थंड पाण्याचा फवारा सोडावयाचा. वाफेचे पाणी होऊन आत पोकळी निर्माण होई व बाहेरील हवेचा दाब दट्ट्यास खाली ढकली. त्याबरोबर तुळईचे दुसरे टोक वर जाऊन पंपाचा दांडा उचलला जाई. म्हणजे वाफेची व पाण्याची अशा दोन तोट्या नेमक्या वेळी, आळीपाळीने उघडल्या-मिटल्या पाहिजेत. हे काम यंत्राकडूनच करवून घेणारी जुळणी कोणाची, हाच वादाचा मुद्दा आहे.

मोरवा, राई, मुर्धा अशा खाडीच्या शेजारच्या गावांतील मुलांना ही कल्पना उघाडीच्या दाखल्याने चटकन समजेल. खारबांधातील उघाडीची झापड भरतीच्या पाण्याने मिटते आणि ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने उघडते. ज्या पाण्याला अडवावयाचे, तेच पाणी झापड मिटवते. तद्वतच जी तुळई झडपांमुळे हलते, तिच्याकडूनच झडपा हलवून घ्यावयाच्या होत्या.

आता साक्षीपुरावा पाहू. पहिली साक्ष १७१९ सालची आहे. टॉमस बार्नी याने डड्लीच्या यंत्राचे चित्र कोरून छापले. त्यात तुळईला लोंबणाऱ्या दांड्याने झडपा चालविण्याची व्यवस्था दिसते. दोरी ओढणारा मुलगा आवश्यक नाही. मात्र हे चित्र यंत्रानंतर सात वर्षांनी निघाले. मधल्या काळात सुधारणा झालीच नसेल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

दुसरी साक्ष १७४४ सालची. डेझाग्युलिए या विज्ञानाच्या व्याख्यात्याने आपल्या ग्रंथात हंफ्री पॉटरचे नाव दिले आहे. तो सांगतो की, आरंभी नळीतील एक तरंगता गोळा वाफेचा जोर वाढताच वर येऊन फवाऱ्याची तोटी उघडीत असे. त्यामुळे मिनिटाला ६, ८ किंवा १० हेलकावे होत. यंत्रापाशी असणाऱ्या पॉटर या मुलाने तुळईने उघडणारी एक खिटी बसविली आणि हेलकावे १५-१६ वर गेले. पुढे हेन्री बेटन याने १७१८ साली न्यूकॅसल येथील यंत्रात खिट्या व दोऱ्यांचा गुंता काढून सुटसुटीत रचना केली. येथे खेळाचे नावही नाही हे लक्षात घ्यावे. तसेच मुलाच्या आधीही फवाऱ्याची तोटी गोळाच उघडीत होता. इंग्रजीत मुलाला व पाण्यावरील तरंगत्याला एकाच उच्चाराचा ‘बॉय’ शब्द आहे. त्यामुळे घोटाळा झाला असावा, असाही एक तर्क केला जातो.

तिसरी साक्ष १७७६ सालची. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ याने श्रमविभागणीचे महत्त्व सांगताना खेळाची आवड असलेल्या मुलाने दोरी बांधल्याचे लिहिले. पण त्याचे नाव दिले नाही. म्हणजे एका ग्रंथात नाव आहे, खेळ नाही. दुसऱ्यात खेळ आहे, नाव नाही. आपल्या गोष्टीत मात्र दोन्ही एकत्र नांदतात!

कागदोपत्री निर्णय होण्यासही अडचण आहे. १६९८ साली टॉमस सेव्हरी याला मिळालेल्या व १७३३ पर्यंत वाढविलेल्या एकस्वाखालीच न्यूकोमेनला काम करावे लागले. यंत्राचे स्वतंत्र एकस्व त्याच्या नावे नाही. मग त्यातील एका खिटीची नोंद कोण ठेवणार?

म्हणून सावधपणे इतकेच म्हणता येईल: यंत्र न्यूकोमेनचे, सुटसुटीत झडपरचना बेटनच्या नावे, आणि मधली एक सुधारणा पॉटरची असू शकेल. खेळासाठी पळालेला मुलगा मात्र पुराव्याने सिद्ध होत नाही. पॉटर लहान होता म्हणून त्याचे श्रेय नाकारणे जितके अयोग्य, तितकेच गोष्ट रंगते म्हणून त्याच्या पदरी कामचुकारपणा बांधणेही अयोग्य. त्याने खरोखर खिटी बसविली असेल, तर ती यंत्र जवळून पाहिल्याचे फळ होय, आळसाचे नव्हे.

वर्गात हा पाठ असा घ्यावा. गोष्ट अवश्य सांगावी, पण ‘असे सांगतात’ या शब्दांनी. मग फळ्यावर १७१२, १७१९, १७४४ व १७७६ हे सन लिहून प्रत्येकासमोर कोणी काय सांगितले ते मांडावे आणि पुढील प्रश्न विचारावेत:

१. घटनेच्या सर्वांत जवळची साक्ष कोणती? ती पुरेशी आहे काय?
२. खेळाचा उल्लेख प्रथम कोणत्या साक्षीत येतो?
३. आपल्या परिसरातील उघाडी, रहाट किंवा जाते प्रथम कोणी केले, हे कोणास ठाऊक आहे काय? नसल्यास का?

तिसऱ्या प्रश्नावर वर्ग बहुधा स्तब्ध होईल. ती स्तब्धता घाईने मोडू नये. ज्यांची नावे कोठेही लिहिली गेली नाहीत अशा हातांनीही जग घडविले आहे, हे मुलांना त्या क्षणी आपोआप उमगेल. आणि ऐकलेल्या गोष्टीस ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची सवय त्यांना लागली, तर पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.