प्रॉक्सीमागून स्क्रिप्ट चालवताना

प्रॉक्सी सर्व्हर हा स्क्रिप्ट आणि वेबसाइट यांच्यामधला अडत्या. मागणी आधी त्याच्याकडे जाते, तो ती पुढे पाठवतो आणि आलेले उत्तर परत देतो. कॉलेजच्या लॅबमध्ये हे काम अनेकदा स्क्विड हे सॉफ्टवेअर करते. त्याचा ठरलेला पोर्ट ३१२८.

गारगोटीतल्या एखाद्या लॅबमधला विद्यार्थी कोल्हापूर बाजार समितीचे गुळाचे भाव उतरवून घेणारी पायथन स्क्रिप्ट लिहितो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती सुरळीत चालते, लॅबच्या नेटवर अडते. ब्राउझर मात्र चालू असतो, त्यामुळे संशय कोडवर जातो आणि दुपार वाया जाते. अशा वेळी आधी प्रॉक्सीकडे पाहावे. ब्राउझरला तिचा पत्ता आपोआप मांडणीच्या (पॅक) फाइलमधून मिळत असेल, तर पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला ती फाइल वाचता येत नाही. पत्ता आपणच द्यावा लागतो.

पत्ता देताना एचटीटीपी आणि एचटीटीपीएस या दोन्ही नोंदी भराव्यात. या नोंदी वेबसाइट कोणत्या प्रकारची आहे ते सांगतात, प्रॉक्सी कोणत्या प्रकारची ते नव्हे. म्हणून दोन्हींपुढे पत्ता बहुधा एचटीटीपीनेच सुरू होतो. पासवर्डात ‘@’ असेल तर तो ‘%४०’ असा, अर्थात इंग्रजी अंकांत, लिहावा. नाहीतर पत्ता भलत्याच जागी तुटतो.

सगळ्यात फसवी चूक ४०७ या स्टेटस कोडची. प्रॉक्सीला नाव-पासवर्ड हवा असतो आणि तो मिळालेला नसतो. एचटीटीपीएस साइट असेल तर स्क्रिप्ट आरडाओरड करून थांबते. साध्या एचटीटीपीवर मात्र प्रॉक्सीचे त्रुटीपान निमूटपणे उत्तर म्हणून येते, आणि भावांच्या फाइलमध्ये गुळाऐवजी तेच साठत राहते. प्रत्येक उत्तराचा स्टेटस कोड तपासणे हाच यावर उपाय. टाइमआउटही स्वतः द्यावा. रिक्वेस्ट्समध्ये तो मुळात नसतो, आणि प्रॉक्सी गप्प बसली तर स्क्रिप्टही ताटकळत राहते.

काही ठिकाणी प्रॉक्सी एचटीटीपीएसची वाहतूक उघडून तपासते आणि स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करते. मग प्रमाणपत्राची तक्रार येते आणि ‘व्हेरिफाय बंद कर’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. लॅब सांभाळणाऱ्यांकडून मूळ प्रमाणपत्राची फाइल घेऊन तिचा मार्ग रिक्वेस्ट्सच्या व्हेरिफाय या सेटिंगला द्यावा. फुकट सार्वजनिक प्रॉक्सीच्या याद्यांचा मोह तर टाळावाच, कारण साध्या एचटीटीपीवरून जाणारा पासवर्ड अशी प्रॉक्सी चालवणाऱ्याला सरळ वाचता येतो.

रिक्वेस्ट्सच्या सेशनला दिलेल्या प्रॉक्सीवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधली प्रॉक्सी मात करते, हेही ध्यानात असावे. आपल्याच मशीनवरच्या लोकलहोस्टची मागणी तिच्याकडे जाऊ नये म्हणून नो-प्रॉक्सीची नोंद वेगळी करावी लागते.