टबीथाने शिवलेली वस्त्रे

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२, मार्क २:२१



चार वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही धारणी तालुक्यातील एका कोरकू गावात कपडे वाटायला गेलो होतो. अमरावती आणि अकोल्याच्या मंडळ्यांनी प्रेमाने दिलेली सहा गाठोडी गाडीत होती. अर्ध्या तासात वाटप आटोपले, प्रार्थना झाली, फोटोही झाला. एका आजींच्या हातात मी एक चमकदार, जवळजवळ नवी साडी ठेवली. त्यांनी ती दोन बोटांत चोळून पाहिली आणि परत केली. म्हणाल्या, "बाई, याची गोधडी नाही होत. हे घसरते." मग गाठोड्याच्या तळातून एक विटलेली सुती चादर ओढून काढली आणि तेवढीच घेतली.

मला राग आला. कृतघ्न हा शब्दही मनात येऊन गेला, हे कबूल करते.

त्या रात्री मुक्काम त्यांच्याच घरी होता. मेळघाटातली थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना जास्त सांगायला नको. आजींनी स्वतःची गोधडी माझ्या अंगावर घातली आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगू लागल्या : हे सासूचे लुगडे, हे मालकाचे धोतर, हा लेकीचा लहानपणचा झगा. मालक जाऊन बरीच वर्षे झाली होती. लेक लग्न होऊन दूर गेली होती. त्या गोधडीखाली पडल्या पडल्या मला यापोची टबीथा आठवली.

१. विधवा का रडत होत्या?

टबीथेचे ग्रीक नाव दुर्कस. दोन्हींचा अर्थ हरिणी. नव्या करारात 'शिष्या' असा स्त्रीलिंगी शब्द एकदाच येतो, आणि तो हिच्यासाठी. तिने केलेला उपदेश लूकने नोंदवलेला नाही. तिची सत्कृत्ये, तिचे दानधर्म आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे एवढेच तो सांगतो.

पेत्र माडीवर आला तेव्हा विधवा रडत रडत ती वस्त्रे दाखवत होत्या. मूळ ग्रीक क्रियापदाच्या रूपावरून काही भाष्यकार म्हणतात की ती वस्त्रे त्यांच्या अंगावरच होती. डिप्लोमाला शिकताना मी ही टीप वहीत उतरवून घेतली होती. तिचा अर्थ मात्र मेळघाटातल्या त्या रात्री कळला. वस्त्रे तर विधवांकडे होतीच, तरीही त्या रडत होत्या. त्यांना हवी होती ती शिवणारी. आणि प्रभूने पेत्राच्या हातून त्यांना परत दिली तीही टबीथाच.

२. हाताच्या टाक्याची ओढ

गोधडी कशी होते ते पाहा. वापरून मऊ झालेली सुती लुगडी, धोतरे थरावर थर अंथरायची, कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचे. शेतीची कामे सांभाळून एका गोधडीला महिना-दीड महिना सहज जातो. यंत्राची टीप याहून सरळ आणि कितीतरी जलद. तरी शहरातली माणसे आज हाताने शिवलेल्या जुन्या वस्तू 'व्हिंटेज' म्हणून हौसेने शोधतात. मला वाटते, ती ओढ केवळ जुनेपणाची नाही. त्या टाक्यांत कुणाचा तरी वेळ गेलेला असतो, कुणाची तरी आठवण धरलेली असते.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. आपल्या वऱ्हाडासारखाच तोही कापसाचा मुलूख. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया, मळ्यावरच्या गुलामांच्या वंशज, जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. १९४२ साली मिझूरी पेटवे या विधवेने आपल्या पतीच्या कामाच्या कपड्यांचीच गोधडी केली. २००२ पासून या वस्तीतल्या गोधड्या तिकडच्या मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. पण मिझूरीबाईंनी ती शिवली ती संग्रहालयासाठी नव्हे, पांघरण्यासाठी. आमच्या आजींची गोधडी एका पाहुण्याने विकत मागितली होती. "नवी शिवून देते, ही नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

३. कोऱ्या कापडाचे ठिगळ

प्रभू येशूनेही शिवणकामाचा दाखला दिला. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावत नाही. का, हे आपल्या आयाबहिणींना ठाऊक आहे. जुने कापड धुऊन धुऊन जेवढे आटायचे तेवढे आटलेले असते. कोरे कापड पहिल्या धुण्यातच आटते आणि शिवणीजवळचे जुने कापड फाडते. प्रभू तेथे उपासाच्या प्रश्नाला उत्तर देत होता, हे विसरायचे नाही. पण तो दाखला वाचताना आमच्या सेवेतली एक चूक मला दिसते. आम्ही गावाला न विचारता, तिथल्या जीवनात न भिजता, आमची कोरी योजना नेऊन लावली. मग नाते उसवले की गावाला नावे ठेवली.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनात दुष्काळातून आलेल्या मुलींना अन्नवस्त्र दिले, आणि विणकाम, शिवण, छपाई अशी कामेही शिकवली. त्या मुलींमध्ये त्या स्वतः राहिल्या. आम्हाला तिथूनच पुन्हा शिकायचे आहे.

आता आमच्या शिवणवर्गात प्रत्येक मुलगी पहिला कपडा घरातल्या एका माणसासाठी शिवते. माप स्वतः घेते, बेतते, चुकले तर उसवते. एकीने आपल्या आजोबांसाठी बंडी शिवली. एक बाही आखूड झाली, पण आजोबा ती रविवारी घालून आले.

वाचकहो, हे लिहिताना आमच्या खोलीत तीन गाठोडी पडून आहेत. त्यांत बहुतेक पॉलिस्टर आहे, काही कपडे न धुतलेले आहेत. देणाऱ्यांचे मन मोडायला मी धजत नाही, आणि ते गावात न्यायलाही आता धजत नाही. म्हणून विनंती करते. धुतलेली सुती साडी, धोतर, चादर द्या. गोधडीला तेच लागते. आणि जमेल तेव्हा स्वतः या, कुणाच्या तरी शेजारी बसून चार टाके घाला.

मननासाठी प्रश्न

१. आपण दिलेले वस्त्र आज कोणाच्या अंगावर आहे? त्या व्यक्तीचे नाव आपल्याला माहीत आहे का?
२. उद्या आपण गेलो, तर कोणाला आपली वस्तू आठवेल आणि कोणाला आपण आठवू?
३. आपल्या मंडळीच्या सेवेत कोऱ्या कापडाचे ठिगळ कुठे लागले आहे?

प्रार्थना

हे प्रभू, द्यायची घाई आम्हाला झाली, ओळख करून घ्यायची झाली नाही. क्षमा कर. आमच्या हातांना टबीथेचा धीर दे. ज्यांच्यासाठी आम्ही काम करतो त्यांची नावे आमच्या ओठांवर असू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.