मोठा पट कठीण का वाटतो?

बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे आणि ३२ मोहरे असतात. जपानात मात्र 'चू शोगी' नावाचा एक जुना खेळ आहे. त्याचा पट १२ × १२, म्हणजे १४४ घरांचा. आणि प्रत्येक खेळाडूजवळ २१ प्रकारचे ४६ मोहरे! असा खेळ कठीण असणारच. पण कशामुळे? केवळ घरे वाढली म्हणून?

आधी थोडा हिशेब करू. आपलेच मोहरे १२ × १२ घरांच्या मोकळ्या पटावर ठेवले असे समजा. ६४ घरांच्या पटावर मध्यभागी उभा असलेला वजीर उरलेल्या ६३ घरांपैकी २७ घरांवर जाऊ शकतो. मोठ्या पटावर १४३ पैकी ४३ घरांवर. घोड्याला मात्र दोन्हीकडे आठच घरे! एका कोपऱ्यातून तिरक्या समोरच्या कोपऱ्यात जायला त्याला लहान पटावर ६ चाली लागतात, मोठ्यावर ८. म्हणजे पट वाढला की लांब पल्ल्याच्या वजीर-हत्तींपुढे घोड्याचे मोल घटते. मोहऱ्यांच्या किमतीचे आपले जुने आडाखे तेथे चालत नाहीत.

पण खरी अडचण याहून वेगळी आहे. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण ही आठ स्टेशने रोज लोकलने जाणारा मुलगा एका दमात म्हणतो. त्याच्या दृष्टीने ती आठ नावे नाहीत, एकच साखळी आहे. परगावच्या पाहुण्याला मात्र ती आठ सुटी नावे पाठ करावी लागतात.

बुद्धिबळातही हेच घडते. अमेरिकेतील चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चालू डावातील पट पाच सेकंद दाखवला, तर निष्णात खेळाडू सुमारे १६ मोहरे अचूक मांडी; नवशिका सुमारे ४. पण मोहरे वाटेल तसे विखुरून दाखवताच हा फरक जवळजवळ नाहीसा झाला! निष्णाताची स्मरणशक्ती अफाट नव्हती. सरावाने ओळखीच्या झालेल्या मांडण्या तो एकेका घासात टिपत होता.

नव्या, मोठ्या पटावर अशी एकही मांडणी ओळखीची नसते. तेथे चांगला खेळाडूही परगावचा पाहुणाच. म्हणून नवा खेळ किंवा नवा धडा जड गेला, तर 'मला डोके नाही' असे म्हणू नका. दोन-तीन मोहरे घेऊन लहान डाव खेळा. ओळख झाली की पुढचे मोहरे वाढवा.

करून पाहा : छापील डावातील २० मोहऱ्यांची स्थिती मित्राला पाच सेकंद दाखवा आणि दुसऱ्या पटावर मांडायला सांगा. मग तेच मोहरे चिठ्ठ्या टाकून कोठेही ठेवा आणि प्रयोग पुन्हा करा. बुद्धिबळ खेळणाऱ्या व न खेळणाऱ्या मुलांचे आकडे वेगवेगळे नोंदवा. काय आढळते?