डिझेल मोटार : जोर आणि जपणूक

घाट चढताना एखाद्या जुन्या डिझेल गाडीच्या नळीतून काळा धूर निघताना तुम्ही पाहिलाच असेल. 'केवढा जोर लावते आहे बघा!' असे कोणी म्हणतेही. खरे पाहता तो धूर जोराचा नसतो. तो उपाशी राहिलेल्या आगीचा असतो. तो कसा, हे समजले म्हणजे डिझेल इंजिनाचे निम्मे शास्त्र समजले असे म्हणता येईल.

आपली डिझेल मोटार अधिक जोरकस करावी, तिच्यात फेरफार करावेत आणि ती जिवापाड जपावी, असा छंद असलेली माणसे जगभर आहेत. पुढे तुमच्यापैकीही काहींना तो लागेल. या छंदात स्क्रू-पान्यापेक्षा भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र अधिक उपयोगी पडते. म्हणून आज आपण त्यांच्याच मदतीने गाडीकडे पाहू.

ठिणगीविना आग

सायकलच्या पंपाने चाकात हवा भरली की पंपाचे खालचे टोक गरम लागते. हवा झटकन दाबली की ती तापते, हे त्याचे मुख्य कारण. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने याच गोष्टीवर आपले इंजिन उभारले. त्याचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये झाला. १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा त्या इंजिनाने कामाला लावली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने ही मजल फार मोठी होती.

पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकून आग पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरात नुसती हवा घेतली जाते आणि दट्ट्या म्हणजे पिस्टन ती सुमारे विसाव्या हिश्शाइतक्या जागेत दाबतो. तेव्हा तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्याही वर जाते. अशा तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो.

थेंबभरही नाही!

आता थोडे गणित करू. पुण्यात तयार झालेली आणि १९९८ साली लोकांपुढे आलेली टाटा इंडिका घ्या. तिच्या डिझेल इंजिनाचे आकारमान १४०५ घन सेंटिमीटर होते आणि सिलिंडर चार. म्हणजे एका सिलिंडरात एका वेळी सुमारे ३५१ घन सेंटिमीटर हवा मावणार. एक लिटर हवेचे वजन साधारण १.२ ग्रॅम भरते. तेव्हा ही हवा झाली सुमारे ०.४२ ग्रॅम.

एक ग्रॅम डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १४.५ ग्रॅम हवा लागते. ०.४२ ला १४.५ ने भागा. उत्तर येते सुमारे २९ मिलिग्रॅम. पाण्याचा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे एवढ्या मोठ्या गाडीला ओढणाऱ्या प्रत्येक स्फोटात थेंबभरही डिझेल जळू शकत नाही! शिवाय फवारा हवेत सर्वत्र सारखा मिसळत नाही, म्हणून प्रत्यक्षात याहूनही कमी डिझेल सोडावे लागते.

यापेक्षा जास्त डिझेल सोडले तर काय होईल? जास्तीच्या डिझेलला प्राणवायू मिळणार नाही. ते अर्धवट जळेल आणि त्यातील कार्बन काजळी होऊन बाहेर पडेल. हाच तो काळा धूर. तेव्हा हे सूत्र लक्षात ठेवा : डिझेल इंजिनाचा जोर टाकीतील डिझेलावर नव्हे, तर सिलिंडरातील हवेवर ठरतो.

हवा वाढवायची कशी?

सिलिंडर तेवढाच ठेवून त्यात जास्त हवा कोंबता येते. हे काम टर्बोचार्जर करतो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एका लहान चक्राला फिरवतो. त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरात ढकलते. ही चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात.

पण दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ असते. समजा, ती १२० अंशांची आहे. वाटेत इंटरकूलर बसवून ती ६० अंशांपर्यंत थंड केली. चार्ल्सचा नियम लावताना तापमान केल्व्हिनमध्ये घ्यावयाचे, म्हणजे ३९३ आणि ३३३. यांचे गुणोत्तर १.१८ येते. दाब तोच असूनही १८ टक्के अधिक हवा मिळाली! म्हणूनच टर्बोच्या जोडीला बहुधा इंटरकूलर असतो.

हौशी बदलांचा हिशेब

आता हौशी लोक काय करतात ते पाहू. जुन्या गाड्यांत पंपावरचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवीत. नव्या गाड्यांत हे काम संगणकाकडे असते. मग कोणी त्याची आज्ञावली बदलतो, तर कोणी एक छोटी पेटी जोडतो. अशा काही पेट्या संगणकाला डिझेलचा दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. संगणक फसतो आणि दाब वाढवतो. गाडी जोरात पळते हे खरे. पण हिशेब येथे संपत नाही.

ढोबळमानाने इंधनाच्या उष्णतेचा एक तृतीयांश भाग कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि उरलेला मुख्यतः इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून बाहेर टाकावा लागतो. डिझेल २० टक्क्यांनी वाढवले तर ही टाकाऊ उष्णताही साधारण तेवढीच वाढणार. मात्र रेडिएटर तोच, तेल तेच, पिस्टनही तोच. पिस्टन ज्या मिश्रधातूचा असतो, त्यातील मुख्य धातू ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतो. सिलिंडरातील ज्योत तर २००० अंशांच्याही पुढे जाते. पिस्टन वितळत नाही, कारण त्याची उष्णता सतत वाहून नेली जाते. ती वाट अपुरी पडली की दुखणे सुरू होते.

दुसरा आवडता बदल हवेच्या गाळणीचा. कारखान्याने दिलेली बंद पेटी काढून तेथे शंकूच्या आकाराची उघडी गाळणी बसवतात. आवाज झकास येतो. पण ही गाळणी इंजिनाजवळची गरम हवा ओढू लागली तर? ३० अंशांऐवजी ६० अंशांची हवा म्हणजे ३०३ भागिले ३३३. सुमारे ९ टक्के हवा कमी! टर्बो नसलेल्या इंजिनात तेवढा जोरही घटू शकतो.

तिसरा बदल मात्र छंद म्हणवून घेण्यास पात्र नाही. १ एप्रिल २०२० पासून भारतात बी.एस. ६ मानक लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींच्या धुराच्या नळीत काजळीची गाळणी असते. ती काजळी अडवते आणि मधूनमधून जाळून टाकते. जोर वाढावा म्हणून काही जण ही गाळणीच काढून टाकतात. काजळीचे बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही लहान असतात. ते फुप्फुसात खोलवर जातात. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराचा समावेश माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत केला. गाडी एकाची असते, हवा मात्र सर्वांची.

चार चमचे पाणी

आता जपणूक. आपल्याकडे पहिला शत्रू पावसाळा. ३५१ घन सेंटिमीटर हवा मावणाऱ्या आपल्या सिलिंडरात पिस्टन पूर्ण वर गेला की डोक्याशी केवळ १८ ते १९ घन सेंटिमीटर जागा उरते. चहाच्या चमच्यात ५ घन सेंटिमीटर पाणी मावते. म्हणजे चार चमचे पाणी सिलिंडरात शिरले तर ती जागा भरून जाते. हवा दाबता येते. पाणी जवळजवळ दाबलेच जात नाही. मग वर येणारा पिस्टन अडतो आणि त्याचा दांडा वाकतो. गाळणी खाली बसवलेली गाडी साचलेल्या पाण्यात घालणे म्हणूनच धोक्याचे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. ती ढकलून बाहेर काढावी.

दुसरा शत्रू धूळ. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते लोखंडाहून कठीण असतात. फाटक्या गाळणीतून ते आत शिरले की सिलिंडर घासला जातो. डिझेलमधील पाणी तर पंप आणि नोझल दोन्ही गंजवते. यासाठी डिझेलच्या गाळणीखाली साठलेले पाणी वेळोवेळी काढावे लागते. जोरात चालवून आणलेली टर्बोची गाडीही एकदम बंद करू नये. मिनिटभर सावकाश चालू ठेवावी, म्हणजे टर्बोतील तेल करपत नाही.

तिसरा शत्रू गंज. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की तो सुरू होतो. मीठ त्याला वेग देते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पत्रे लवकर खातात ते यामुळेच. ॲल्युमिनियमवरचा थर घट्ट बसून आतील धातू वाचवतो. गंज मात्र भुसभुशीत असतो. ओल धरतो आणि आत आत शिरतो. म्हणून गंजावरच रंग मारणे व्यर्थ. आधी तो पुरता घासून काढावा, मग अस्तर आणि रंग द्यावा. दाराच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली की दार आतून गंजते. सुई-काडीने ती मोकळी करणे हे काम तुम्हीसुद्धा करू शकता.

करून पाहा

चार बाटल्या आणि चार स्वच्छ लोखंडी खिळे घ्या. पहिल्या बाटलीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे पाणी आणि तिसरीत मोठ्यांच्या मदतीने उकळून झाकून थंड केलेले पाणी घाला. तिसरीत खिळा टाकून वर तेलाचा थर द्या. चौथ्या खिळ्याला सर्वत्र ग्रीस फासून तो मिठाच्या पाण्यात ठेवा. आठवडाभर रोज पाहून नोंद करा. कोणत्या खिळ्याला काय मिळाले नाही, हे शोधले की गाडीला तळाशी लेप का देतात ते कळेल.

एवढे मात्र पाळा

चालू इंजिनाशी खेळू नका. सायकलच्या चाकात साधारण ३ बार दाब असतो, तर नव्या डिझेल इंजिनाच्या नळ्यांत तो २००० बारपर्यंत जातो. तेथील बारीक फवारा कातडी भेदून आत घुसतो. गळती बोटाने चाचपणे म्हणजे बोट गमावण्याची तयारी करणे. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत.

या छंदात जोर वाढवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हवा वाढली का? उष्णता बाहेर जाईल का? आणि नळीतून काय बाहेर पडेल? तिन्हींचे उत्तर समाधानकारक असेल तोच फेरफार शहाणपणाचा.

विचार करा :

१. थंडीच्या सकाळी इंजिनाला दर फेऱ्यास अधिक हवा मिळते. का?

२. संपीडन २० पटींऐवजी १० पट असते, तर सिलिंडर अडण्यास किती चमचे पाणी लागले असते?

३. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चरा पडला तरी तेथे लोखंड लवकर का गंजत नाही?