फ्लूचे पहिले दोन दिवस

२००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात असलेल्या माणसाला स्वाइन फ्लू समजावून सांगावा लागत नाही. देशातला पहिला बळी ३ ऑगस्टला इथेच गेला. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, लोक रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून फिरू लागले. टॅमिफ्लू तेव्हा फक्त सरकारकडे होतं. आज ते चिठ्ठीवर केमिस्टकडे मिळतं. तरीही आमच्या आईच्या आजारपणात ते वेळेवर कुणाला सुचलं नाही.

आई सत्तरी ओलांडलेली, मधुमेही. ऐन पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला. कोरडा खोकला, अंग ठेचून काढल्यासारखं. आमच्या भागातल्या डॉक्टरांनी ‘व्हायरल आहे’ म्हणत अँटिबायोटिक लिहून दिलं. व्हायरल आहे तर अँटिबायोटिक कशाला, असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. औषध ‘स्ट्राँग’ असलं की घर निर्धास्त! पुढे बाथरूमपर्यंत जातानाही तिला धाप लागू लागली, तेव्हा रुग्णालय गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्वॅब घेतला आणि रिपोर्टची वाट न पाहता ओसेल्टामिविर सुरू केलं. टॅमिफ्लूमधलं औषध हेच. “दोन दिवसांच्या आत आणलं असतंत तर बरं झालं असतं. पण यांच्यासारख्यांना उशिरा दिलेलंही उपयोगी पडतं,” त्या म्हणाल्या. ऑक्सिजन लागला, आई वाचली. अशक्तपणा मात्र पुढे कितीतरी दिवस पुरला.

दोन दिवसांचंच का, हे मी त्यांना नंतर विचारलं. विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो. तिथून सुटून पुढच्या पेशीकडे जायला त्याला न्यूरामिनिडेज हे विकर लागतं, आणि ओसेल्टामिविर त्यालाच अडवतं. फैलाव होऊन गेल्यावर अडवायला फारसं काही उरत नाही. (या औषधाचा कच्चा माल मसाल्यातल्या चक्रीफुलातून मिळतो, पण म्हणून चक्रीफुलाचा काढा पिऊन फ्लू जात नाही.)

धडधाकट माणसाचा आजार या औषधाने जेमतेम एखाद्या दिवसाने आटोपतो. त्याला विश्रांती, पाणी आणि पॅरासिटामॉल पुरतं. शेजाऱ्यांकडची उरलेली कॅप्सूल त्याने घेऊ नये. मात्र पासष्टीपुढचे, पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, मधुमेह, दमा, हृदय किंवा किडनीचे रुग्ण यांना फ्लूसारखा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: फ्लूचं औषध सुरू करायचं का? मोठ्यांना सहसा ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात. किडनीचा त्रास असेल तर मात्रा कमी लागते, तेव्हा तो आधीच सांगा. मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्यावं. बरं वाटलं तरी मध्येच सोडू नये. श्वासातून ओढायचं झानामिविरही आहे, पण ते दमेकऱ्यांसाठी नाही. मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

धाप, छातीत दुखणं, ओठ-नखं निळसर होणं, थुंकीत रक्त, असंबद्ध बडबड, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका.

आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, जानेवारी ते मार्चमध्ये आणि पावसाळ्यात. विषाणू बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात. घरात कुणी वयस्कर किंवा मधुमेही असेल, तर पाऊस सुरू होण्याआधीच ती टोचून घ्या.